राजाच्या लेकीला काम काय असतं?

 

आजचा विषय लांबचा आहे, पार जपानचा. पण तो निघाला आमच्या गटाच्या बैठकीत. बचतीचे पैसे गोळा झाले, कर्जाचे हप्ते वहीत चढले, आणि चहा येईपर्यंत एका पोरीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. विमानात खिडकीजवळच्या साध्या सीटवर एक तरुण बाई झोपलेली. एस.टी.त बसल्या बसल्या आपला डोळा लागतो ना, तशीच. पोरगी म्हणाली, "ही जपानची राजकन्या." सगळ्या हसल्या. कोपऱ्यातल्या आजींनी मात्र विचारलं, "राजाघरची लेक आणि इतकी दमली? तिला काम तरी काय असतं गं?"

उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मग आम्ही तिघी-चौघींनी शोधलं, वाचलं, आणि जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो आहोत.

त्या राजकन्येचं नाव काको. जन्म २९ डिसेंबर १९९४ चा. जपानचे सम्राट नारुहितो हे तिचे सख्खे काका. म्हणजे ती सम्राटांची पुतणी. तिचे वडील फुमिहितो हे युवराज आहेत, सम्राटांच्या मागे गादी त्यांच्याकडे जायची आहे. आईचं नाव किको. या घरात तीन मुलं. थोरली माको, मधली काको, आणि काकोच्या पाठीवर बारा वर्षांनी झालेला धाकटा भाऊ हिसाहितो. ही तिघं भावंडं लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. राजा म्हटलं की आपल्याला हुकूम, खजिना, शिपाई आठवतात. जपानात तसं राहिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला. त्यानंतर नवी राज्यघटना आली, ती ३ मे १९४७ पासून लागू झाली. त्या घटनेत सम्राट हे देशाचं आणि लोकांच्या एकीचं प्रतीक आहेत, असं लिहिलं आहे. राज्यकारभाराची सत्ता त्यांच्याकडे नाही. कारभार पंतप्रधान आणि संसद बघतात. राजघराण्याची मालमत्ता सरकारजमा झाली आणि घराण्याचा खर्च दरवर्षी संसद मंजूर करते. कुणाकडून मोठी भेट घ्यायची किंवा कुणाला द्यायची, तरी संसदेची परवानगी लागते. काकोच्या वाट्याला कायद्यानं वर्षाला ९१ लाख ५० हजार येन धरलेले आहेत. आपल्या पैशांत आजच्या दरानं साधारण पन्नास लाखांच्या आसपास. रक्कम मोठीच आहे. पण ती लोकांच्या करातून येते, आणि राजकन्येनं कुठला झगा घातला इथपासून लोक तिचा हिशेब मांडत असतात.

आणि हो, या घराण्यातल्या कुणालाही मत देता येत नाही. निवडणुकीला उभं राहता येत नाही. कुठल्या पक्षाच्या बाजूनं बोलता येत नाही. आपण ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. ते राजकन्येला जमत नाही.

मग ती करते काय?

नव्या वर्षातला एक मोठा दिवस २ जानेवारीचा. त्या दिवशी टोकियोच्या राजवाड्याच्या आवारात हजारो लोक जमतात. सम्राटांचं कुटुंब सज्जात काचेमागे उभं राहतं, लोकांना हात करतं. हे दिवसातून एकदा नाही, ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा. मग जानेवारीतच राजवाड्यात कवितेचा समारंभ असतो. त्यासाठी एक शब्द आधी जाहीर करतात. त्या शब्दावर देशभरातून साधी माणसं एकतीस अक्षरांची छोटी कविता पाठवतात. निवडलेल्या कविता सम्राटांसमोर सुरात म्हटल्या जातात. राजकन्येलाही स्वतः कविता रचावी लागते. वसंतात आणि शरदात बागेत मेजवान्या असतात, परदेशी पाहुणे येतात. प्रत्येक ठिकाणी किती वाकायचं, कुणाच्या मागे चालायचं, कुठं थांबायचं, सगळं ठरलेलं.

पण हे झालं मिरवायचं काम. काकोचं खरं काम वेगळं आहे. ती कर्णबधिर लोकांची हातांची भाषा बोलते. ज्यांना ऐकू येत नाही ते बोटांनी, चेहऱ्यानं, हातांच्या हालचालींनी बोलतात, त्याला सांकेतिक भाषा म्हणतात. तिच्या आईला ही भाषा येते. लेकही शिकली. शाळेतल्या मुलांच्या सांकेतिक भाषेच्या स्पर्धा भरतात, तिथं ती जाते आणि भाषण हातांनीही करते. मे २०२१ पासून ती जपानच्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेत अर्धवेळ नोकरी करते. राजघरची लेक, आणि कचेरीत काम करते. मे २०२४ मध्ये ती ग्रीस देशात गेली, तेव्हा तिथल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत गेली. प्रत्येक देशाची सांकेतिक भाषा वेगळी असते. ती जाण्याआधी ग्रीसच्या भाषेतले हातवारे शिकून गेली आणि मुलांशी त्यांच्याच भाषेत बोलली.

हे ऐकून आमच्या गटातल्या एक वहिनी गप्प झाल्या. त्यांच्या घरात ऐकू न येणारा दीर आहे. चाळीस वर्षांचा. त्या म्हणाल्या, "आम्ही त्यांना नुसतं खुणेनं जेवायला बोलवतो. त्यांना काय म्हणायचंय ते कधी विचारलंच नाही."

परदेश दौरे हेही राजकन्येचं काम. ऑस्ट्रिया आणि हंगेरी २०१९ मध्ये, पेरू २०२३ मध्ये, ग्रीस २०२४ मध्ये. मग जून २०२५ मध्ये ब्राझील. दोन देशांच्या मैत्रीला अमुक वर्षं झाली की सरकार विनंती करतं आणि राजघराण्यातलं कुणीतरी जातं. ब्राझील तर जपानहून पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. १९०८ साली कासातो मारू नावाचं जहाज जपानमधून ब्राझीलला गेलं, कॉफीच्या मळ्यांत राबायला शेकडो गरीब जपानी घेऊन. त्यांच्या मागे आणखी हजारो गेले. आज जपानच्या बाहेर जपानी वंशाची सर्वांत जास्त माणसं ब्राझीलमध्ये राहतात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, त्यांच्या पूर्वजांच्या स्मारकाला नमस्कार करायचा, पोरांशी बोलायचं, यासाठी काको आठ शहरं फिरली. आपण पाहिलेला झोपेचा व्हिडिओ याच दौऱ्यातला. आजी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं उत्तर तिच्या थोरल्या बहिणीच्या गोष्टीत आहे.

माकोचा जन्म १९९१ चा. कॉलेजात शिकताना तिला एक मुलगा आवडला, केई कोमुरो. साध्या घरातला. २०१७ मध्ये लग्न ठरल्याचं जाहीर झालं. आता जपानच्या राजघराण्याचा एक कायदा आहे, तोही १९४७ चाच. त्यात लिहिलं आहे की राजघराण्यातल्या मुलीनं घराण्याबाहेर लग्न केलं की ती घराण्यातून बाहेर पडते. घराण्यात लग्नाजोगा मुलगा कुठून असणार? म्हणजे लग्न करायचं तर घर सोडायचंच. मुलांना तसं नाही. राजपुत्रानं साध्या घरातली मुलगी केली तर तो तिथंच राहतो आणि उलट त्याची बायको राजघराण्यात येते. आताची सम्राज्ञी मासाको तशीच आली, तिच्या सासूबाई मिचिकोही तशाच आल्या.

लग्न ठरलं, पण मुलाच्या आईच्या पैशांच्या एका जुन्या व्यवहाराची बातमी छापून आली. मग चार वर्षं मासिकांनी आणि लोकांनी त्या दोघांना सोडलं नाही. मुलगा असा, त्याची आई तशी, मुलीला अक्कल नाही. आपल्याकडे पारावर चालतं तेच, फक्त सगळ्या देशाच्या पारावर. माको आजारी पडली. मनाचा आजार. राजघराण्याच्या कचेरीनं स्वतःहून सांगितलं की सततच्या टीकेच्या माऱ्यानं तिच्या मनाला खोल इजा झाली आहे. घर सोडणाऱ्या मुलीला सरकारकडून एकरकमी पैसे मिळतात. माकोच्या वाट्याला चौदा-पंधरा कोटी येन आले असते. तिनं ते घेतले नाहीत. विधी नाहीत, मेजवानी नाही. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी लग्नाची नोंदणी झाली, इतकंच.

त्या सकाळचं दृश्य जपाननं टीव्हीवर पाहिलं. माको हातात फुलांचा गुच्छ घेऊन दारात आली. आईवडिलांसमोर वाकली. मग काकोनं पुढे होऊन बहिणीला घट्ट मिठी मारली. जपानात चारचौघांत मिठी मारायची पद्धत नाही, राजघरात तर नाहीच. पण मारली. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. पाठवणीला भाषा लागत नाही.

त्या दिवशी माकोला आयुष्यात पहिल्यांदा आडनाव मिळालं. हो, राजघराण्याला आडनावच नसतं. सगळ्या जपानी लोकांची नावं कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत असतात, राजघराण्याची त्यात नसतात. त्यांचं दप्तर वेगळं. तिसाव्या वर्षी माको साध्या नागरिकांच्या नोंदवहीत आली. मतदानाचा हक्कही मिळाला. पण आडनाव मिळालं ते नवऱ्याचं. जपानात नवरा-बायकोचं आडनाव एकच असलं पाहिजे असा सगळ्यांनाच कायदा आहे. कुणाचं घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं, पण शंभरातल्या पंचाण्णव घरांत बायकोच आपलं सोडते. महिना व्हायच्या आत माको नवऱ्याबरोबर अमेरिकेत न्यूयॉर्कला राहायला गेली.

आणि तिची कामं? ती पारंपरिक कारागिरांच्या संघटनेची आणि टेनिसच्या संघटनेची मानाची प्रमुख होती. दोन्ही पदं धाकट्या काकोकडे आली. थोरली नांदायला गेली की तिच्या वाटणीची कामं धाकटीवर पडतात, हे आपल्याला कुणी समजवायला नको.

आता राहिला भाऊ. हिसाहितोचा जन्म ६ सप्टेंबर २००६ चा. त्याच्या आधी एकेचाळीस वर्षं या घराण्यात मुलगा जन्मला नव्हता. शेवटचा मुलगा म्हणजे त्याचे वडीलच. मधे जन्मल्या त्या सगळ्या मुली. आणि कायदा म्हणतो की गादी फक्त पुरुषाला, तीही पुरुषाच्या वंशातल्या. ही गोष्ट सगळ्यात जास्त सोसली ती आताच्या सम्राज्ञी मासाको यांनी. अमेरिकेत हार्वर्डला शिकलेल्या, परराष्ट्र खात्यात अधिकारी असलेल्या. १९९३ मध्ये लग्न झालं आणि त्या दिवसापासून सगळा देश त्यांच्या पोटाकडे बघत राहिला. आठ वर्षांनी, १ डिसेंबर २००१ रोजी मुलगी झाली, आइको. आनंद झाला, पण लगेच कुजबुज सुरू झाली, आता पुढचा मुलगा कधी? २००४ मध्ये त्यांना मनाच्या आजारानं गाठलं आणि कित्येक वर्षं त्या लोकांसमोर फारशा आल्या नाहीत. पैसा, वाडा, डॉक्टर, सगळं असताना.

आइको आज मोठी झाली आहे. सम्राटांची एकुलती एक लेक. जपानी भाषा-साहित्य शिकून २०२४ मध्ये पदवीधर झाली आणि त्याच एप्रिलमध्ये जपानच्या रेडक्रॉस संस्थेत नोकरीला लागली, स्वयंसेवकांच्या कामात. ती वीस वर्षांची झाली तेव्हा रीतीप्रमाणे तिच्यासाठी हिऱ्यांचा नवा मुकुट घडवायचा होता. पण कोरोनानं लोक हैराण होते. म्हणून नवा केलाच नाही, आत्याचा मुकुट तेवढ्यापुरता मागून आणला. १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो भागात मोठा भूकंप झाला. आइको मे २०२५ मध्ये तिथं एकटी गेली आणि घरं गेलेल्या माणसांशी बोलली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामासाठी एकटीनं पहिला परदेश दौरा केला, लाओस देशाचा.

रेशीम शेती करणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जपानच्या राजवाड्यात रेशीमकिडे पाळायचं घर आहे. दरवर्षी सम्राज्ञी स्वतः तुतीचा पाला घालते, कोष काढते. ही रीत १८७१ पासूनची. तिथल्या जुन्या जातीच्या बारीक कोषांचं रेशीम नारा शहरातल्या बाराशे वर्षांपूर्वीच्या कापडांच्या दुरुस्तीला वापरलं गेलं आहे. आइकोनंही शाळेत असल्यापासून घरी रेशीमकिडे पाळले. म्हणजे पाला संपला की जीव कसा खालीवर होतो, ते राजकन्येलाही ठाऊक असणार.

अशी ही लेक. पण ती सम्राट होऊ शकत नाही. गादी सम्राटांच्या भावाकडे जाणार आणि मग पुतण्याकडे, हिसाहितोकडे. आज घराण्यात १६ माणसं आहेत, त्यात पुरुष फक्त ५. लग्न न झालेल्या राजकन्याही ५. त्या पाचही जणी लग्न करून गेल्या, तर पुढच्या पिढीत तो एकटा मुलगा उरतो. सगळे समारंभ, सगळे दौरे, सगळ्या संस्था, आणि मुलगा जन्माला घालायची जबाबदारी त्याच्या होणाऱ्या बायकोवर. म्हणजे ज्या कायद्यानं मुलींना बाहेर काढलं, त्यानं मुलालाही सुखात ठेवलेलं नाही.

पूर्वी जपानात बाई गादीवर बसलीच नाही, असं समजू नका. इतिहासात आठ बायकांनी राज्य केलं आहे. कायद्यानं बायकांना बंदी घातली ती १८८९ मध्ये. २००५ साली सरकारनंच नेमलेल्या जाणकारांच्या समितीनं सांगितलं की मुलींनाही गादी द्यावी. पण पुढच्या वर्षी हिसाहितो जन्मला आणि कागद बासनात गेले. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला हक्क समितीनं हा कायदा बदला असं जपानला सुचवलं. जपान सरकारला ते आवडलं नाही. लोकांना विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, बाई सम्राट झाली तर हरकत नाही. निदान लग्नानंतर मुलींना घराण्यात राहू द्यावं, यावर तिथल्या संसदेत बोलणी झाली. पण मग तिच्या नवऱ्याचं काय, मुलांचं काय, यावर गाडी अडली.

आता आजींच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर. राजाच्या लेकीला काम भरपूर असतं, आणि ती ते चोख करते. फक्त ज्या घराचं काम ती करते, ते घर तिचं कायमचं नसतं. लग्नाच्या दिवशी ते सुटतं, असं कायदाच सांगतो.

आणि आपला कायदा काय सांगतो? जपानच्या समितीनं मुलींना गादी द्या म्हटलं ते साल २००५. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आइकोची आत्या, राजकन्या सायाको, लग्न करून घराण्यातून बाहेर पडली. ज्यांचा मुकुट मागून आणला, त्याच या आत्या. आणि त्याच वर्षी ९ सप्टेंबरला आपल्याकडे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला जन्मापासून मुलाइतकाच वाटा. लग्न झालं तरी तो जात नाही. त्या तारखेला वडील हयात नसले तरी लेकीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे जे जपानच्या राजकन्येला नाही, ते आपल्यातल्या बहुतेकींना कायद्यानं दिलेलं आहे.

हे सांगून झाल्यावर आमच्या बैठकीत आम्ही विचारलं, माहेरच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाचं नाव आहे? बावीस जणींत दोन हात वर झाले. हक्कसोड पत्रावर सही कुणी केली? त्याला अकरा हात. काहींनी भावाच्या मायेनं केली, काहींना कागद काय आहे तेच माहीत नव्हतं. एकजण म्हणाली, "सही केली नसती तर दिवाळीला कुणी बोलावलं नसतं." यातलं कुणाला चुकीचं ठरवायला आम्ही बसलेलो नाही. आमच्यातल्याही काहींनी सही केलेली आहे. पण राजकन्येला कायदा बाहेर काढतो, आणि आपण आपल्या हातानं बाहेर पडतो, हा फरक त्या दिवशी सगळ्यींना टोचला.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना एक काम करा. माहेरचा आणि सासरचा, दोन्हीकडचा सातबारा काढून आणा. नाव असेल तर बघू, नसेल तर का नाही ते वाचू. वाचता येत नसेल तर गटातली पोरगी वाचून दाखवेल. पुढं काय करायचं ते ज्याचं त्याच्या घरी, पण कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा नको. आणि घरात ऐकू न येणारं कुणी असेल, तर आज त्यांच्याजवळ दोन मिनिटं बसा आणि त्यांना काय म्हणायचंय ते विचारा. तेवढं काको-ताईंकडून घेऊ.

त्या विमानातल्या झोपेवर आता आमच्या गटात कुणी हसत नाही. आजी तर म्हणाल्या, "झोपू द्या गं तिला."

रामराम.